पाण्याबाहेरचे चार महिने

प्रश्न : मी नेरुळला राहते. वय १९, वाशीच्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. मी शिडाच्या होड्यांच्या शर्यतींत उतरते. गेल्या हंगामात इल्का ४ ही एकटीने चालवायची छोट्या शिडाची होडी सोडून मी मोठ्या शिडाच्या इल्का ६ वर आले. ऑक्टोबर ते मे या काळात शनिवार-रविवार कुलाब्याला जाऊन सराव करते. जाण्यायेण्यात साडेतीन तास जातात आणि पाण्यावर जेमतेम दोन तास मिळतात. पावसाळ्यात तेही बंद होते. माझ्या बरोबरीच्या ज्या मुली सरावाच्या जागेजवळ राहतात, त्या माझ्या तिप्पट वेळ पाण्यावर असतात. मे महिन्यातल्या शेवटच्या स्पर्धेत, दुपारच्या शर्यतींमध्ये, मी पहिल्या मार्कपर्यंत (ज्याला वळसा घालायचा त्या बोयापर्यंत) पुढच्या दहांत असायचे आणि नंतरच्या टप्प्यांत सात-आठ जणी मला मागे टाकायच्या. एका शर्यतीत समोरच्या होडीची चूक असूनही माझा प्रोटेस्ट, म्हणजे नियमभंगाची तक्रार, फेटाळला गेला. आता प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून मी जिमला जाते, परंतु हे चार महिने वाया चालले आहेत, असेच वाटत राहते. पाण्यापासून दूर असताना नेमके काय करावे?

उत्तर : प्रिय वाचक, तू माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीत लिहितो. तुझ्या पत्रात चार महिन्यांची काळजी आहे, पण मला त्यातला दुसरा हिशेब अधिक बोलका वाटला, तो म्हणजे साडेतीन तासांचा प्रवास आणि दोन तासांचे पाणी. हार्बर लाइनवरून इतके अंतर कापून मिळवलेला प्रत्येक तास तुझ्यासाठी फार महाग आहे, आणि म्हणूनच माझे सांगणे असे की जे काम जमिनीवर होऊ शकते, ते तू यापुढे पाण्यावर नेऊ नकोस. आज भरती किती वाजता आहे हे होडी पाण्यात ढकलताना विचारणे, टॅक केल्यावर, म्हणजे होडी वाऱ्याच्या तोंडातून दुसऱ्या बाजूला वळवल्यावर, शीट (शीड ओढायचा दोर) कोणत्या हातात घ्यायची ते आठवणे, मार्कजवळ हक्क कोणाचा याचा अंदाज बांधत बसणे, सैल झालेली गाठ पुन्हा बांधणे, ही सारी कामे मी वर्षानुवर्षे चांगल्या चांगल्या मुलांना भर वाऱ्यात करताना पाहिली आहेत, आणि दोन तासांतला अर्धा तास त्यांत कसा जातो हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

तिप्पट वेळ पाण्यावर असणाऱ्या मुलींना त्याचा फायदा होत नाही, असे मी तुला सांगणार नाही. होडीचा तोल अंगात मुरायला पाण्यावरचेच तास लागतात. परंतु जागेची अडचण म्हणजे नशिबाचा निकाल नव्हे, हे तू तुझ्या इल्का ४ च्या दिवसांतच पाहिले असशील. चीनमधल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धांत २०२३ साली याच होडीवर मुलींच्या गटात रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकरी घरातली. ती शिकली ती भोपाळच्या तलावावर, जिथे समुद्र नाही, भरती नाही, खारा वाराही नाही.

व्यायामाच्या आधी एक काम कर. त्या मेमधल्या शर्यती आठवून, तुला मागे टाकणाऱ्या मुली कोणत्या बाजूने पुढे गेल्या, हे कागदावर काढ. त्या बहुतेक सगळ्या एकाच बाजूने, म्हणजे सगळ्या उजवीकडून किंवा सगळ्या डावीकडून पुढे निघाल्या असतील, तर तिकडचे पाणी किंवा वारा तुझ्याकडच्यापेक्षा बरा होता आणि तुझी चूक दिशा निवडण्यात झाली. त्या तुझ्या दोन्ही बाजूंनी, अगदी शेजारून, हळूहळू सरकत पुढे गेल्या असतील, तर प्रश्न वेगाचा आहे आणि बहुतेक वेळा तो पायांचा असतो, कारण होडी सपाट राहावी म्हणून पायांच्या जोरावर शरीर बाहेर झुकवलेले असते; पाय थकले की ते आत येते, होडी कलते आणि कललेली होडी आडवी घसरू लागते. आणि मार्क वळतानाच एकेक जण आत घुसून गेली असेल, तर दोष नियमांच्या तयारीचा किंवा हातांच्या सफाईचा. हे तीन आजार वेगळे आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. तुझे प्रशिक्षक तुला व्यायाम सांगतात ते बरोबरच आहे, पण तू दिशा चुकून हरली असशील, तर चार महिन्यांची जिम तुला चुकीच्या बाजूला अधिक वेगाने घेऊन जाईल. माझ्या तरुणपणी एक पूर्ण पावसाळा मी असाच केवळ वजने उचलण्यात घालवला होता. ऑक्टोबरमध्ये पहिल्या तीन स्पर्धांत माझे क्रमांक जिथे होते तिथेच राहिले, आणि माझ्या त्या वेळच्या प्रशिक्षकांनी मागच्या हंगामात मी कशामुळे हरलो असे विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. ती शांतता मला आजही आठवते, आणि तुझ्यावर ती वेळ येऊ नये, असे मनापासून वाटते.

यासाठी वही लागते. मोबाइलमध्ये टिपण ठेवले तरी चालेल, पण मला वही बरी वाटते, कारण तीत चित्र काढता येते. परतीच्या लोकलमध्ये तुला तासाभराची बैठक मिळते. कुर्ल्याच्या पुढे गर्दी वाढण्याआधी, अंगावरचे मीठ वाळायच्या आत, त्या दिवसाचे एक पान पुरे कर. तारीख, तिथी, भरतीची वेळ, वारा कुठून होता आणि तो दिवसभरात कसा फिरला, व्हँग आणि कनिंगहॅम हे शिडाचा आकार बदलणारे दोर किती ओढले होते, आणि मग दोनच गोष्टी: आज कुठे जागा मिळवली आणि कुठे गमावली. रात्री घरी जाऊन लिहीन म्हणशील तर स्मरणशक्ती तुझ्या बाजूने खोटे बोलायला लागलेली असते. गेल्या हंगामाची वही तू ठेवली नसशील, तर जे आठवते त्यावरून ती आता मागे जाऊन लिही. स्पर्धेच्या तारखा तुला ठाऊक आहेत, त्या दिवसांच्या तिथी भिंतीवरच्या कालनिर्णयात आहेत, आणि तिथी कळली की पाण्याची अर्धी कहाणी कळते.

कशी, ते जरा सविस्तर सांगतो, कारण मुंबई बंदरात शर्यत करणाऱ्यासाठी याहून उपयोगी अभ्यास मला ठाऊक नाही, आणि तो पूर्णपणे जमिनीवर होतो. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या एक साधा हिशेब करत आले आहेत: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच, आणि दिवसात अशा दोन भरत्या येतात. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून शर्यतीच्या दिवशी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या तक्त्यातली अपोलो बंदरची वेळच प्रमाण मान. परंतु तक्ता हातात नसतानाही डोक्यात पाण्याचे चित्र तयार व्हावे, यासाठी ही पाऊणपट अंगवळणी पाड.

त्यावर दुसरा हिशेब रच. भरती आणि ओहोटी यांमधल्या सुमारे सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत किंवा उतरत नाही. एकूण चढ-उताराचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक भाग पाणी हलते. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी सरकते आणि प्रवाह त्याच वेळी सर्वांत जोरात असतो. आता हे तुझ्या शर्यतींना लावून पाहा. पौर्णिमेच्या आसपास सव्वाअकरा-बाराच्या सुमारास भरती भरली, तर दुपारी दोन ते चार या वेळात ओहोटी भरात असते, आणि तेव्हा उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणीही भरपूर असते. अष्टमीच्या आसपास त्याच वेळी भरती चढत असते, पण भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, दिवस असल्यामुळे ओढ कमी असते. बंदरात भरतीचे पाणी उत्तरेकडे, ठाणे खाडीच्या बाजूला चढते आणि ओहोटीचे पाणी दक्षिणेकडे उघड्या समुद्राकडे उतरते. मेमधला दुपारचा खारा वारा पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येत असताना उधाणाची ओहोटी तुला सतत मार्कपासून मागे ओढत असते, वाऱ्याविरुद्ध जाण्याचा प्रत्येक टप्पा लांबतो, आणि पाय नेमके तिथे संपतात. पुढे निघून गेलेल्या मुली कदाचित उथळ पाण्याच्या बाजूने गेल्या असतील. खोल मार्गात प्रवाह जोरात असतो, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात तो मंद असतो आणि पाणी फिरायचे असते तेव्हा तिथे आधी फिरते. त्या दिवसाची तिथी काढून पाहा. तुझ्या सात-आठ जागांपैकी काहींचे उत्तर तिथेच सापडेल, अशी मला बरीच आशा आहे.

नेरुळला राहणाऱ्या मुलीला या अभ्यासासाठी कुलाब्याला जावे लागत नाही. सारसोळेच्या जेट्टीवर किंवा वाशीच्या खाडीकिनाऱ्यावर आठवड्यातून एकदा, भरतीच्या आधी अर्धा तास जाऊन उभी राहा. पाणी चढायचे थांबले कधी, प्रत्यक्ष प्रवाह फिरला कधी, आणि काठालगतचा कचरा मधल्या कचऱ्याच्या आधी उलट दिशेने निघाला का, हे घड्याळ लावून लिही. खाडीत आत आल्यामुळे इथली भरती अपोलो बंदरच्या वेळेपेक्षा उशिरा होते. तो उशीर किती, हे तू स्वतः मोजून काढ. वाशीच्या पुलाच्या खांबांमागे पाण्याचे भोवरे कसे पडतात ते पाहा, कारण नांगरलेल्या मार्कच्या बोयाभोवती नेमके तेच दिसते आणि बोयाकडे एक नजर टाकून प्रवाहाची दिशा आणि ओढ ओळखणारा खेळाडू सुरुवातीच्या रांगेवर इतरांपेक्षा शांत असतो. जेट्टीवर जाळी दुरुस्त करत बसलेले वयस्क कोळीबांधव दिसले, तर त्यांच्याजवळ बसून विचार. उधाण आणि भांग हे शब्द आपण शाळेच्या भूगोलात वाचतो, ते त्यांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. मी जे काही पाण्याबद्दल शिकलो, त्यातला चांगला भाग अशा बैठकींत शिकलो आहे. एक मात्र बजावतो: पावसाळ्यात जेट्टीच्या ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्यांवर उतरू नकोस आणि एकटी जाऊ नकोस.

वाऱ्याचेही असेच. हिवाळ्यातल्या सकाळी ईशान्येकडून येणारा मतलई वारा दहा-अकरानंतर मंदावतो, मध्ये एक पडलेला, चिकट काळ जातो आणि मग पश्चिमेकडून खारा वारा सुरू होतो, हे तू अनुभवले आहेस. ऑक्टोबरपासून कॉलेजच्या गच्चीवरून झेंड्यांकडे आणि चिमण्यांच्या धुराकडे पाहून तो बदल किती वाजता झाला, तेवढी एक ओळ रोज लिहीत गेलीस, तर जानेवारीपर्यंत तुझ्याकडे असा तक्ता असेल, जो तुझ्याबरोबर शर्यतीत उतरणाऱ्या दुसऱ्या कोणाकडे नसेल.

आता प्रोटेस्ट. तो का फेटाळला, ते तू लिहिलेले नाहीस, पण तरुण खेळाडूंच्या बाबतीत जे कारण सर्वांत जास्त वेळा आढळते ते सांगतो. घटना घडताच, पहिल्या वाजवी संधीला, ‘प्रोटेस्ट’ हा शब्द समोरच्याला ऐकू जाईल असा ओरडावा लागतो. मोठ्या होड्यांना त्याबरोबर लाल झेंडाही दाखवावा लागतो. सहा मीटरपेक्षा कमी लांबीच्या होड्यांना तो लागत नाही, आणि तुझी होडी साधारण ४.२ मीटरची आहे. याचा अर्थ पाण्यावर तुझ्या हातात असलेली एकमेव गोष्ट तो शब्द आहे. मुली ‘अगं, काय करतेस’ म्हणतात, ‘स्टारबोर्ड, स्टारबोर्ड’ असे ओरडत राहतात, नंतर किनाऱ्यावर येऊन अर्ज भरतात, आणि तक्रार ऐकणाऱ्या समितीचा पहिलाच प्रश्न त्यांना घरी पाठवतो. चूक खरोखर समोरच्याची असली, तरी ऐकून घेण्याचा दरवाजाच उघडलेला नसतो. माझ्या मते हा नियम न्याय्य आहे, कारण तो शब्द ऐकल्यावर समोरच्या खेळाडूला तिथेच होडी दोनदा गोल फिरवून चूक निस्तरण्याची संधी मिळते.

शर्यतीचे नियम दर चार वर्षांनी बदलतात. सध्याचे १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत आणि २०२८ अखेरपर्यंत चालतील. ते पुस्तक आणि त्याच्यासोबतचे केस बुक, ज्यात निवाड्यांची उदाहरणे आहेत, या खेळाच्या जागतिक संघटनेने विनामूल्य उपलब्ध करून दिले आहे. पण ते कादंबरीसारखे वाचायला बसू नकोस. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दोन काडेपेट्या घे, पेन्सिलीने वाऱ्याची दिशा दाखव, एका सोंगटीचा मार्क कर आणि एकाच प्रसंगावर अर्धा तास घालव. पोर्ट टॅकवरची, म्हणजे डावीकडून वारा घेणारी, होडी स्टारबोर्ड टॅकवरच्या, म्हणजे उजवीकडून वारा घेणाऱ्या, होडीला वाट देते, हे सगळ्यांना पाठ असते. पण ‘वाट दिली’ म्हणजे काय, तर हक्क असलेल्या होडीला बचावाची हालचाल करावी न लागता आपल्या मार्गाने जाता आले पाहिजे, ही व्याख्या फार थोड्यांना सांगता येते, आणि टक्कर झाली नसताना सुनावणीचा निकाल त्या व्याख्येवरच लागतो. दोन्ही होड्या एकाच टॅकवर, एकमेकींच्या शेजारी असताना वाऱ्याकडची होडी वाऱ्यापासून दूर असलेल्या होडीला वाट देते. टॅक करत असताना तर तू सर्वांनाच वाट द्यायची असते. घरातल्या कोणाला तरी, ज्याला शिडाच्या होडीतले काहीही कळत नाही अशाला, समितीच्या खुर्चीत बसव आणि चार वाक्यांत घटना सांग: कोण कोणत्या टॅकवर होते, अंतर किती होते, कोणी दिशा बदलली, बदलली नसती तर काय झाले असते. तुझ्या आईला किंवा भावाला ते चित्र स्पष्ट दिसले, तर समितीलाही दिसेल. मेमधली ती घटनाही याच पद्धतीने एकदा मांडून पाहा.

मार्कभोवतीचे क्षेत्र होडीच्या तीन लांबींचे असते, आणि त्याच्या काठावर कोण आधी पोहोचले, कोण कोणाच्या आत आहे, यावरून भांडणे होतात. तुझ्या होडीसाठी ते साडेबारा मीटरपेक्षा किंचित जास्त भरते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेपने तेवढे अंतर मोज, एका टोकाला बादली ठेव आणि रोज येता-जाता ते पाहत जा. बसलेल्या उंचीवरूनही पाहा, कारण होडीत तुझे डोळे पाण्याच्या जवळ असतात आणि तिथून अंतर वेगळे दिसते. पंधरा दिवसांत नजर बसते.

त्याच पार्किंगमध्ये खडूने होडी काढ: ४.२ मीटर लांब, सुमारे १.४ मीटर रुंद, आत कॉकपिट, डॅगरबोर्डची (पाण्यात खाली सोडायच्या फळीची) जागा आणि पाय अडकवायचा पायपट्टा. टिलरच्या (सुकाणूच्या) दांड्याऐवजी बांबूची काठी आणि शीटऐवजी जुना दोर घे. मग टॅक कर, पण इतका सावकाश की प्रत्येक पाऊल तुला सांगता आले पाहिजे. तोंड पुढे ठेवून पलीकडे जाणे, काठी पाठीमागे जुन्याच हातात राहू देणे, नव्या बाजूला बसून होडी सपाट केल्यावरच हातांची अदलाबदल करणे. इल्का ४ वरून आलेल्या मुली हात फार लवकर बदलतात, कारण छोट्या शिडाखाली ते खपून जाते. आता तुझ्या डोक्यावर ४.७ च्या जागी ५.७६ चौरस मीटरचे, म्हणजे जवळजवळ सव्वापट शीड आहे आणि त्या घाईची किंमत लगेच कळते. वीस वेळा सावकाश, मग वीस वेळा डोळे मिटून. व्हँग, कनिंगहॅम आणि आउटहॉलचे जुने दोर खिडकीच्या गजाला बांधून, समोरच्या भिंतीवरची नजर न हलवता ओढायचा आणि सोडायचा सराव याला जोड. शेजारचे लोक दोन दिवस पाहतील आणि मग त्यांना सवय होईल. पाण्यावर ज्याचे डोळे दोरांकडे जात नाहीत, त्याचे डोळे वाऱ्याकडे असतात, आणि तुला सात-आठ जणींमधला फरक भरून काढायचा आहे तो तिथेच.

व्यायामाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते काम तू आधीच सुरू केले आहेस. होडीबाहेर लोंबकळताना मांडीचे स्नायू न हलता दीर्घकाळ ताणलेले राहतात, त्यांतला रक्तपुरवठा दबतो आणि म्हणून ती आग होते. यंत्रावर पाय वर-खाली करून त्याची पूर्ण तयारी होत नाही. सुताराकडून एक बुटके बाक आणि त्याला पायपट्टा करून घे, त्यावर होडीतल्यासारखी बस, आणि तीस सेकंदांच्या सहा फेऱ्यांपासून सुरुवात करून आठवड्याआठवड्याने वेळ वाढवत दोन मिनिटांपर्यंत ने. त्या दोन मिनिटांत मान वळवून इकडेतिकडे पाहत राहा, शांत बसू नकोस. मांडीच्या मागचे स्नायू आणि पाठ यांकडे दुर्लक्ष केलेस, तर गुडघे दुखू लागतील. गुडघ्याच्या वाटीमागे दुखायला लागल्यास बाक त्याच दिवशी थांबव आणि फिजिओथेरपिस्टकडे जा. गुडघा दाबून नेटाने पुढे जाणाऱ्या दोन गुणी मुलींना मी विशीतच हा खेळ सोडताना पाहिले आहे. दमासाठी नेरुळच्या ज्वेल उद्यानातल्या फेऱ्या पुरेशा आहेत; पारसिक टेकडीचा चढ पाऊस उघडल्यावर कर. वजन कमी करण्याचा विचार या वर्षी मनातही आणू नकोस. मोठ्या शिडाखाली तुला ताकदीचे वजन हवे आहे आणि ते पोटभर, वेळेवर जेवल्याशिवाय येत नाही.

होडी बंद करून ठेवताना काय करायचे, ते एका परिच्छेदात. गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, हवा खेळती राहील असे बूच उघडे ठेव. शीड ओले गुंडाळलेस तर या हवेत पंधरा दिवसांत बुरशी येते. डोलकाठी अॅल्युमिनियमची आणि रिवेट स्टीलचे, त्यांत मीठ आणि दमटपणा मिळाला की गंज आतून खातो, म्हणून प्रत्येक रिवेटभोवती पांढरी भुकटी दिसते का ते पाहा. डोलकाठीच्या खाचेत पाणी भरून रात्रभर ठेव; सकाळी पातळी उतरलेली दिसली, तर तिथे गळती आहे आणि भर वाऱ्यात डेक फाटण्याआधी तुला ती कळली. आणि पायपट्ट्याचा दोर दरवर्षी नवा घाल. एका स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकावर असताना माझ्या पायपट्ट्याची गाठ सुटली आणि मी पाठीवर पाण्यात पडलो. दोर झिजला होता हे मला दोन आठवडे ठाऊक होते आणि रोज मी ते उद्यावर ढकलत होतो. होडीकडे परत पोहोचेपर्यंत सतरा जण पुढे गेले होते.

जमल्यास जुलैत आठवडाभर हैदराबादला हुसेनसागरवर जाऊन ये. पावसाळ्यात तिथे शर्यती होतात. तलावावरचा वारा इमारतींमधून तुटत, फिरत येतो आणि तिथे भरतीचा आधार नाही, त्यामुळे फक्त वाऱ्याच्या बदलांवर निर्णय घेण्याची चांगली कसोटी लागते. खर्च झेपत नसेल तर घरच्यांवर दडपण आणू नकोस. मोबाइलवरचे शर्यतीचे खेळ नियमांच्या आणि सुरुवातीच्या सरावासाठी ठीक आहेत, पण रोज वीस मिनिटांच्या पुढे त्यांतून काही मिळत नाही.

हे सगळे वाचून रोज सगळेच करायचे आहे, असे समजू नकोस. तुझी सहामाही परीक्षा ऑक्टोबरच्या तोंडावर येत असेल, तर सप्टेंबरमध्ये फक्त बाक आणि खाडीवरची आठवड्याची फेरी ठेव, बाकीचे सोडून दे. जूनमधले पहिले दोन आठवडे तर काहीच करू नये, असे माझे ठाम मत आहे. आठ महिने शनिवार-रविवार पहाटे उठणारे शरीर आणि मन, दोघांनाही झोप हवी असते. मित्रमैत्रिणींबरोबर भिजायला जा, मामाकडे राहायला जा. जुलैपासून आठवड्यातले तीन दिवस बाक आणि व्यायाम, दोन संध्याकाळी काडेपेट्या, रोज दहा मिनिटे खडूची होडी आणि एक फेरी खाडीवर, एवढे जमले तरी पुष्कळ आहे. रविवार रिकामा ठेव.

आज हे उत्तर वाचून झाल्यावर कालनिर्णयात तिथी पाहा, तिची पाऊणपट कर, मग तक्त्यातली अपोलो बंदरची वेळ काढ आणि दोन्हींतला फरक किती मिनिटांचा आला, तेवढे वहीच्या पहिल्या ओळीत लिहून ठेव. मेमधल्या त्या शर्यतींचे चित्र काढून झाले की मला पाठव. मुली कोणत्या बाजूने गेल्या, ते पाहायची मला उत्सुकता आहे.